लेम्पीची बिनटोकाची सुरी

कातडेवाल्याने ओन्नी कंगासच्या हरणाचं कातडं दोन्ही हातांनी उन्हाकडे धरलं, त्यातल्या एका भोकाला डोळा लावला आणि पलीकडून आम्हा सगळ्यांकडे बघितलं.

"छान हवेशीर आहे," तो म्हणाला. "खिडकीला पडदा म्हणून चालेल."

शिकारीच्या दिवसांत दर शनिवारी हा माणूस आपला ट्रक सालो कॉर्नरच्या सोसायटीच्या दुकानासमोर लावायचा. एक धड कातडं त्याच्या ट्रकमध्ये टाकायचं आणि बदल्यात चामड्याचे हातमोजे घेऊन जायचं, असा साधा व्यवहार. सुपीरियर सरोवराच्या आमच्या काठावर त्या मोज्यांवाचून हिवाळा निघत नाही. पण त्या वर्षी आमच्या कॅम्पातलं, म्हणजे जंगलातल्या आमच्या शिकारीच्या लाकडी घरातलं, एकही कातडं त्याने घेतलं नाही. माझं परत, ओन्नीचं परत, आणि आमचा म्होरक्या तौनो साल्मेला याचंही परत.

तौनो हाताची घडी घालून उभा होता. "ओन्नीला सुरी धरता येत नाही, त्याला कोण काय करणार?" तो म्हणाला.

"आणि तुझ्या कातड्याला काय झालं? त्यालाही ओन्नी चावला का?" मागून आवाज आला.

कांद्याची पिशवी काखोटीला मारून दुकानाच्या दारात लेम्पी उभी होती. ओन्नीची बायको, तौनोची धाकटी बहीण आणि आमच्या शाळेची स्वयंपाकीण. मी त्याच शाळेत मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवायचो. माझे आजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले होते, त्यामुळे या फिनिश मंडळींत मी कायमचा पाहुणा. सगळे मला 'मास्तर' म्हणायचे, म्हणजे नाव लक्षात ठेवायला नको.

लेम्पी चिडली होती, आणि तिला चिडायचा हक्क होता. वेणी घालायची तेव्हापासून कॅम्पातली सगळी हरणं तीच सोलत आली होती. पुरुषांनी हरीण मारायचं, मिरवत आणायचं आणि तिच्या गॅरेजमध्ये टांगून कॉफी प्यायला आत जायचं. कॉफी संपेपर्यंत कातडं उतरलेलं असायचं, सुरीच्या एकाही भोकाशिवाय. पण त्या वर्षी शेजारगावचा कुणी लाकूडतोड्या दारूच्या गुत्त्यात तौनोला म्हणाला, "काय रे, तुमच्या हरणांचे कपडे म्हणे बायका काढतात?" गुत्ता हसला. तौनोने दुसऱ्याच दिवशी कॅम्पात नियम केला: ज्याने त्याने आपलं हरीण आपणच सोलायचं, तेसुद्धा 'बाबांच्या सुरीने'.

ही बाबांची सुरी म्हणजे साल्मेलांच्या घरातलं दैवत. म्हाताऱ्याने ती फिनलंडहून कमरेला लावून आणली होती. सरळ पातं, सुईसारखं टोक, बर्चच्या लाकडाची मूठ. म्हातारा गेला तेव्हा सुरी तौनोला मिळाली, कारण तो मुलगा. लेम्पीला कॉफीची किटली मिळाली, तीही गळकी.

"तौनो, बाबांची सुरी लाकूड कोरायची आहे," लेम्पी म्हणाली. "मासे कापायची आहे. तिचं टोक बघ. कातड्याच्या आत शिरली की ती बाहेरच बघते. बाबा स्वतः हरीण कशाने सोलायचे? झिजून बोटाएवढी झालेली जुनी सुरी होती त्यांची, आठवतं?"

"बाबांच्या सुरीला नावं ठेवू नकोस."

"सुरीला नाही ठेवत. तुला ठेवतेय. सोलायची सुरी मी करून दाखवते."

"तू पाव कर," तौनो म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले.

लेम्पीने पिशवी खाली ठेवली. मला तेव्हाच वाटलं, आता काही खरं नाही.

"पावपण करते. पण पुढच्या वर्षी माझ्या सुरीने हरीण सोलायचं, आणि या भाऊंनी कातडं असंच उन्हात धरायचं. सुरीचं एक भोक दिसलं, तर तुमच्या कॅम्पातल्या सगळ्या गोधड्या आणि पायमोजे जन्मभर मी धुईन."

"ते तर तू आत्ताही धुतेस," ओन्नी प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग तोंड बंद ठेवून धुईन. आणि भोक नाही दिसलं, तर भर हंगामात एक आठवडा कॅम्प माझा आणि हेल्मीचा. सरपण तुम्ही फोडून ठेवायचं. तुम्ही घरी बसून कोंबड्या राखायच्या."

हेल्मी म्हणजे तौनोची बायको. ती ट्रकजवळ मोजे घालून बघत होती. तिने मान वरही केली नाही, फक्त म्हणाली, "मला चालेल."

हंगामात कॅम्पात बाई येते, ही कल्पनाच तौनोला सोसेना. पण इतक्या लोकांपुढे माघार कशी घेणार? त्याने एक पाचर मारली. "ठीक. पण सोलायचं तू नाही. तुझ्या हाताला सवय आहे, तू चमच्यानेही सोलशील. सुरी एवढी चांगली असेल, तर ओन्नीलाही जमलं पाहिजे. ओन्नी सोलेल."

ओन्नीचा चेहरा पडला. लेम्पीचाही क्षणभर पडला, हे मी पाहिलं. ओन्नी म्हणजे देवमाणूस, पण सुरी हातात आली की त्याचा खांदा कानाला लागायचा, बोटं पांढरी पडायची, आणि तो हरीण सोलण्याऐवजी त्याच्याशी भांडायचा.

"ठरलं," लेम्पी म्हणाली.

बर्फ पडायला लागल्यावर ती माझ्या वर्कशॉपमध्ये येऊ लागली. दुपारचं जेवण वाढून झालं, भांडी पालथी पडली की ॲप्रन न काढताच यायची, आणि माझ्यासाठी वेलदोड्याचा पाव आणायची, म्हणून मी कधी 'वेळ नाही' म्हणालो नाही. मक्याच्या पोह्यांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून ती सुऱ्या करायची. पहिली सुरी मी बघितली ती हातभर लांब.

"ही हरणासाठी की हत्तीसाठी?" मी विचारलं.

"तुम्ही पाव खा, मास्तर."

दर खेपेला सुरी लहान होत गेली. टोक आधी गोल झालं, मग आणखी गोल. पातं आखूड झालं आणि रुंद झालं. तिचं म्हणणं असं, की कातडं खरं तर मुठीने सुटतं. मांस आणि कातडं यांच्यामध्ये मूठ घालून दाबत गेलं की ते आपसूक वेगळं होतं. सुरी लागते ती पायांशी, मानेशी, जिथे ते चिकटून बसतं तिथे. तिथेही कापायचं नसतं, नुसतं मोकळं करायचं असतं. लांब पातं घेतलं की माणूस कापायला जातो.

एक दिवस ती कणीक खरवडायचं अर्धगोल पातं घेऊन आली. शाळेच्या मोठ्या परातीची कणीक ती त्यानेच काढायची.

"हे बघा," ती म्हणाली. "मी एवढी वर्षं परात खरवडतेय. परातीला कधी भोक पडलं का?"

"परात लोखंडाची आहे, लेम्पी."

"कणकेलाही पडलं नाही. कारण याला टोकच नाही. पोटाने चालतं हे." तिने ते पातं पुठ्ठ्यावर ठेवलं, पेन्सिल फिरवली, एका बाजूला मूठ काढली. तीच आमची सुरी. पुढून बदकाच्या चोचीसारखी बोथट, खाली गरगरीत पोट, वर तर्जनी टेकवायला सपाट पाठ.

आता मूठ हवी होती, ओन्नीच्या हाताला बसणारी. पण ओन्नीला माप द्यायला उभं केलं की तो फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ होतो. लेम्पीने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हातात कणकेचा गोळा दिला.

"जरा दाबून बघ रे. पाणी जास्त झालंय का?"

ओन्नीने हळुवार दाबला. एवढ्याशा ठशाचा उपयोग नव्हता.

"तौनो काल सांगत होता," लेम्पी भांडी पुसत म्हणाली, "की मागच्या वर्षीचं ते मोठं हरीण तू मारलंच नाहीस. ते म्हणे आधीच मेलेलं होतं, तू नुसता जाऊन बसलास त्याच्यावर."

ओन्नीची मूठ अशी आवळली, की बोटांच्या फटींतून कणीक बाहेर आली. "असं म्हणाला तो?"

"नाही रे, मीच म्हणाले. सोड आता ते." तिने गोळा अलगद त्याच्या हातातून काढून घेतला आणि भट्टीत टाकला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर रुमालात गुंडाळलेलं काहीतरी खरपूस होतं. मी कॉफीत बुडवून तोंडात घालणार, इतक्यात लेम्पी किंचाळली, "मास्तर! ती मूठ आहे!"

खरं भांडण पोलादाचं होतं. कानशीचं पोलाद तिला नको होतं, थंडीत ते काचेसारखं तडकतं. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचं मऊ, हाडाला लागली की धार वळते. तिला जुन्या करवतीचं पोलाद हवं होतं, जंगलात दोघांनी दोन बाजूंनी ओढायच्या त्या लांब करवतीचं. पातळ, चिवट, आणि पूर्वीच्या लोकांनी पाणी देऊन ठेवलेलं. आमच्या भागात अशा करवती एकेकाळी घरोघर होत्या, पण आता उरल्यासुरल्या गंजून गेलेल्या.

"एक चांगली आहे," लेम्पी म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

ती करवत आमच्या कॅम्पाच्या भिंतीवर टांगलेली होती. तौनोच्या वडिलांची. हेल्मीने नवी नवरी असताना तिच्यावर तैलरंगाने चित्र काढलं होतं: निळं तळं, पाइनची झाडं, आणि मधोमध, करवतीच्या पाठीच्या कडेला, उभं असलेलं एक हरीण. तौनो त्या चित्राखाली बसून जेवायचा.

"हेल्मी काय म्हणेल?" मी म्हणालो.

"तिलाच विचारू."

हेल्मीने ऐकून घेतलं आणि लांब श्वास सोडला. "ते हरीण मी काढलं त्याच दिवशी बिघडलं होतं. वासरू दिसतं ते. इतकी वर्षं ते वासरू माझ्याकडे बघतंय आणि नवरा पाहुण्यांना सांगतोय की बघा, माझ्या बायकोचं हरीण. घ्या कापून. त्याच्या जागी मी झाड काढते, झाड मला येतं."

मग तिने तौनोला सांगितलं, की रंग उडालाय, करवत खाली आणून मास्तरांकडे गंज घासायला दे, मग मी नीट करते. बायकोला इतक्या वर्षांनी चित्राची आठवण झाली म्हणून तौनो खूश. बर्फ वितळल्यावर त्याने स्वतः ती करवत कॅम्पातून काढली, ट्रकच्या टपावर दोरीने बांधली आणि माझ्या वर्कशॉपच्या दारात आणून दिली. वर मला बजावलं, "जपून, मास्तर. बाबांची आहे."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. खोटंही म्हणता येणार नाही, कारण आम्ही खरंच फार जपून कापली.

पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग सुरी कामातून जाते. म्हणून लेम्पी ग्राइंडरवर जरा घासायची आणि शेजारच्या बादलीत बुडवायची, पुन्हा घासायची, पुन्हा बुडवायची. मी मध्येच म्हणालो, "थोडं जोरात दाबलं तर लवकर होईल."

"मास्तर, तुम्ही भातही असाच करता का?"

माझा भात तिने खाल्लेला होता.

पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंना तिने हात लावला नाही; जाडी मुळातच बेताची होती. घासली ती फक्त धार आणि कडा. रंग मात्र खरवडून काढला. सगळा निघाला, मुठीजवळचा एक काळा ठिपका राहिला. हरणाचा डोळा. हेल्मीने तिथे रंगाचे एवढे थर चढवले होते, की तो दगड झाला होता.

"राहू दे," लेम्पी म्हणाली. "ओन्नीवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच."

मूठ सफरचंदाच्या लाकडाची केली, भट्टीतल्या त्या पावाबरहुकूम. पितळी खिळे ठोकले, जवसाचं तेल पाजलं. हाताला चरबी लागली तरी निसटू नये म्हणून मुठीला मधोमध पोट ठेवलं आणि शेवटाला आकडीसारखा बाक. हेल्मीने करवतीच्या खिंडाराला मागून कॉफीच्या डब्याचा पत्रा चिकटवला आणि त्यावर मोठं, भरगच्च झाड काढलं. खरंच सुरेख काढलं होतं.

आता राहिला ओन्नी. त्याला लेम्पीने सगळा उन्हाळा कणीक खरवडायला लावली. "ढकलायचं नाही. पोटाने चालवायचं. डाव्या हाताने ओढ, उजव्याने नुसतं कुरवाळ." ओन्नी मान डोलवायचा. ऑगस्टपर्यंत तो परात इतकी सुंदर साफ करू लागला, की लेम्पीने ते काम त्याच्याकडेच लावून दिलं, आणि सुरीची गोष्ट निघो न निघो, ते आजतागायत त्याच्याकडेच आहे.

नोव्हेंबर आला. शाळेला हंगामाची सुट्टी लागली आणि आम्ही कॅम्पात जमलो. सौना पेटवली, त्या लाकडी खोलीत बसून वाफ घेतली, लाल होऊन जेवायला बसलो. तोंडात घास असतानाच ओन्नी भिंतीकडे बघून म्हणाला, "हरीण कुठे गेलं?"

मी ताटात बघायला लागलो.

"कुठलं हरीण?" तौनो म्हणाला.

"करवतीवरचं. तिथे हरीण होतं."

तौनोने वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. हरीण नाही हे त्याला दिसलं, पण इतकी वर्षं ज्या चित्राखाली आपण जेवलो ते आपल्याला नीट आठवत नाही, हे तो ओन्नीपुढे कसं कबूल करणार?

"तिथे झाड आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून झाडच आहे."

"अरे, मी दर वर्षी आल्या आल्या त्याला गुड मॉर्निंग म्हणतो!"

"मग तू झाडाला म्हणत होतास. बायको माझी, करवत माझ्या बापाची, मला माहीत नाही का चित्रात काय आहे? हरीण नव्हतं. कधीच नव्हतं. मास्तर, होतं का?"

"मी कॉर्नवॉलचा माणूस," मी म्हणालो. "तुमच्या घरगुती चित्रांत मी पडत नाही."

दुसऱ्या दिवशी ओन्नीने एक मध्यम नर पाडला. अंगणातल्या आडव्या तुळईला मागच्या पायांनी टांगला. तौनो स्टूल घेऊन समोर बसला, मुद्दाम जवळ, नाटकाला बसल्यासारखा. ओन्नीने खिशातून कापडाची गुंडाळी काढली आणि सुरी बाहेर आली.

तौनो खो खो हसला. "ही? ही सुरी आहे की बूट चढवायची पट्टी? ओन्नी, लोणी लावतोस का हरणाला?"

मग त्याचं हसू थांबलं. ओन्नीने सुरी फिरवली तेव्हा मुठीजवळचा काळा डोळा त्याच्याकडे बघत होता. तौनोने पुढे वाकून बघितलं. मग आत जाऊन भिंतीवरची करवत बघून आला. झाडाला त्याने नख लावलं असणार, कारण परतला तेव्हा नखाला हिरवा रंग होता. त्याची अडचण मला कळत होती. बापाची करवत कापली म्हणून ओरडायचं, तर आधी तिथे हरीण होतं असं म्हणावं लागणार. आणि तिथे हरीण कधीच नव्हतं, हे त्याने काल रात्री ठासून सांगितलं होतं.

"काही म्हणायचंय का, तौनो?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

ओन्नीने पायांपाशी चीर दिली आणि सुरू केलं. आधी त्याचा खांदा सवयीने कानाकडे निघाला. मग तो पुटपुटताना ऐकू आला: "पोटाने चालव. कुरवाळ. परात आहे ही, परात." खांदा खाली आला. डावा हात ओढत होता, मूठ दाबत होती, मध्येच सुरीचं गोल पोट पांढऱ्या पडद्यावरून सरकत होतं आणि कातडं अंगरखा उतरावा तसं खाली येत होतं. मानेपाशी, जिथे सगळ्यांची भोकं पडतात, तिथे त्याने जीभ बाहेर काढली आणि श्वास धरला. माझाही धरला गेला. सुरीचं बोथट नाक कातड्याला लागलं, घसरलं आणि पुढे गेलं.

शनिवारी कातडेवाल्याने गोळीची भोकं अंगठ्यांखाली दाबून ते कातडं उन्हाकडे धरलं. उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं. सोसायटीसमोर एवढी माणसं मी निवडणुकीलाही पाहिली नव्हती.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला. "तिकडे कुणी उभं आहे का?"

लेम्पीने मोजे निवडायला बराच वेळ लावला. सगळ्यात मोठे निवडले, ओन्नीच्या मापाचे.

शब्दाप्रमाणे तौनोने सरपण फोडलं, आणि बायका एक आठवडा कॅम्पात गेल्या. आम्हाला वाटलं होतं त्या चार दिवसांत कंटाळून परततील. तौनो तर रोज संध्याकाळी खिडकीत बसायचा. त्याला घरात कॉफी सापडत नव्हती, कोंबड्या त्याला ओळखत नव्हत्या, आणि एक कोंबडी तर त्याच्या खुर्चीतच बसू लागली होती. शेवटी मिठाची पुडी घेऊन तो कॅम्पावर गेला. मलाही साक्षीला नेलं.

सौनाच्या धुराड्यातून धूर येत होता. आतून हसण्याचे आवाज येत होते. तौनोने दार वाजवलं.

"कोण?"

"मी. मीठ आणलंय."

"मीठ आहे."

"कॉफी कुठे ठेवलीस?"

"कुठे असते तिथेच," हेल्मीचा आवाज आला.

"कुठे असते?"

आत पुन्हा हसण्याची लाट आली. मग लेम्पी म्हणाली, "तौनो, हंगामात बायकांच्या कॅम्पात पुरुष चालत नाहीत रे. नियम आहे. मीठ पायरीवर ठेव." त्याने खरंच मीठ पायरीवर ठेवलं. परतताना तो एवढंच म्हणाला, "धूर बघितलास? ओली लाकडं घालतायत." लाकडं त्यानेच फोडली होती.

हंगाम संपल्यावर एका सकाळी मी लेम्पीच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो, तेव्हा तौनो आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. हवेबद्दल बोलला, ट्रकच्या टायरांबद्दल बोलला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझ्याकडे करवतीचं पोलाद उरलं असेल ना?"

"कुठली करवत?" लेम्पी निरागसपणे म्हणाली.

"लेम्पी."

"बरं बाबा. उरलंय थोडं."

"एक सुरी... म्हणजे तशीच. कॅम्पात एक जास्तीची असावी, म्हणून म्हटलं."

तिने परातीतून कणकेचा गोळा काढला आणि त्याच्या हातात दिला. "आवळ. जोरात. मनात माझं नाव घे, म्हणजे जमेल."

तौनोने आवळला. दात खाऊन आवळला. लेम्पीने गोळा परत घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या जागेवरूनही ठसा दिसत होता. अंगठा खोल, तर्जनी खोल, मधलं बोट खोल. शेवटच्या दोन बोटांच्या जागी जेमतेम ओरखडा होता.

लाकडाच्या गिरणीत तौनोचा तो हात सापडला होता, त्याला खूप वर्षं झाली होती. बरा झालो म्हणत तो दुसऱ्याच आठवड्यात कामावर गेला होता आणि त्यानंतर त्या हाताबद्दल कुणी त्याच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता. बाबांची ती बारीक, गुळगुळीत मूठ तो आजवर तीन बोटांनी धरत आला होता. त्याचं परत आलेलं कातडं, त्यातली भोकं, आणि ओन्नीला सुरी धरता येत नाही हे त्याचं बोलणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. लेम्पीच्याही गेलं असणार. ती एवढ्या वेळात काहीतरी टोचून बोलायला हवी होती. बोलली नाही. तौनो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, मार खायची तयारी केल्यासारखा.

"पाणी जास्त झालंय," ती कणकेला म्हणाली. "पण चालेल."

तिने तौनोच्या सुरीची मूठ खालच्या बाजूला जाड केली, इतकी की ती दोन बोटं नुसती टेकली तरी पुरे. हे तिने मला सांगितलं नाही. मूठ मी व्हाइसच्या शिकंज्यात धरली होती, मला दिसलं. तौनोने सुरी घेतली, हातात धरली, बराच वेळ धरूनच राहिला. मग म्हणाला, "मूठ जरा जाड झालीय."

"हो ना," लेम्पी म्हणाली. "मास्तरांनी बिघडवली."

बाबांची सुरी अजूनही त्याच्या कमरेला असते. त्या सुरीने तो सॉसेज कापतो आणि ती दाखवतो. सोलायचं असलं की ट्रकमधून दुसरी आणतो. लेम्पीने पुढे पुष्कळ सुऱ्या केल्या. आसपासच्या गावांतले गडी तिच्या ओट्याशी कणकेचे गोळे आवळायला रांग लावतात आणि जाताना पाव घेऊन जातात. एकासाठी केलेली सुरी ती दुसऱ्याला देत नाही, कारण म्हणे कुणाचाच हात दुसऱ्यासारखा नसतो.

गेल्या हंगामात तौनोचा नवा जावई डुलुथहून आला होता. तौनो त्याला लेम्पीच्या स्वयंपाकघरात बसवून सांगत होता, "आम्ही कॅम्पात बसलो होतो. मी म्हटलं, टोक कशाला हवंय? टोकच काढून टाका! मग मी हिला नीट काढून दाखवलं."

जावयाने अदबीने लेम्पीकडे बघितलं.

"सांग ना, तौनो," लेम्पी किटली घेऊन उभी होती. "ते पोलाद कुठून आणायचं, हेही तुलाच सुचलं ना?"

तौनो खोकला. "ती मोठी गोष्ट आहे."

ओन्नी परात खरवडत गालात हसत होता. लेम्पीने सगळ्यांचे कप काठोकाठ भरले, तौनोचा तेवढा अर्धाच. त्या हिवाळ्यापासून ती त्याचा कप अर्धाच भरते, म्हणजे त्याला तो त्या हाताने न सांडता उचलता येतो, आणि कॉफी आणखी लागली तर पुन्हा ओतते.

"बघितलंस?" तौनो जावयाला म्हणाला. "सख्खी बहीण, पण कॉफीला हात आखडता."

"किटली गळकी आहे रे," लेम्पी म्हणाली, आणि जावयाला वेलदोड्याच्या पावाचा मोठा तुकडा वाढला.